दुसऱ्या खिळ्यावरची पाटी

“सांबार महाग झाला वाटते. वडीत नुसतं बेसनच लागून राहिलं.”

खिडकीच्या आत देवाजीबाबू स्वतःशीच पुटपुटले. मी खिडकीशेजारच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ओल्या ताटीला लागून उभी होते. हातभर अंतरावर. मी डबा देऊन गेले, असं त्यांना वाटलं होतं.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि त्या वडीत सांबार ठासून भरला होता, हे मी आजही कोणासमोरही सांगेन.

तसं सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात आत घास थांबल्याचा आवाज आला...

घास थांबल्याचा आवाज नसतो, म्हणाल. असतो. चावणं बंद होतं, आणि माणूस श्वासही घेत नाही.

मग बाबूंच्या तोंडून एकच शब्द निघाला.

“लहानू?”

लहानूभाऊंना जाऊन त्या दिवशी बावीस दिवस झाले होते.

मी जे लिहिते आहे त्यातलं काहीही ऐकीव नाही. मी तिथं होते. साल १९६९, मे महिना. नागपूर, लकडगंजातलं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस. नाव सांगत नाही. आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे साडेबारा. रस्त्यावर कुत्रंही नाही असं ऊन. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरचा मे काढलेला नाही.

आधी थोडं सांगावं लागेल, म्हणजे कळेल.

माझे मालक बळीराम. नाव लिहिताना चालतं, बोलताना माझ्या तोंडून अजून निघत नाही. हे त्या ऑफिसच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. देवाजीबाबू तिथले बुकिंगचे बाबू. कोणता माल कोणत्या गाडीवर, कोण कुठं जाणार, सगळं त्या खिडकीतून ठरायचं.

“इंजिन रुसलं तर मिस्त्री आहे,” हे म्हणायचे. “बाबू रुसला तर कोणीच नाही.”

म्हणून ह्यांनी बाबूंना आठ वर्षं जपलं. लाच देऊन नव्हे, नीट वागून. तीनला येतो म्हटलं की तीनला हजर. वाटेत गाडी बसली तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि खरं कारण सांगायचं. खिडकीशी आवाज चढवायचा नाही. बाबूंची बायको धंतोलीत दवाखान्यात होती तेव्हा अकरा दिवस डबा माझ्या घरून गेला. मग वडीचा डबा सुरूच राहिला. बाबू मला वयनी म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

ऑफिसच्या ओसरीत, खिडकीसमोरच्या भिंतीला, एक सागाची फळी होती. फळीवर ओळीनं बारा खिळे. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाची एक लाकडी पाटी. गाडी परत आली की ड्रायव्हर आपली पाटी शेवटी लावायचा, आणि पुढचे गेले की एकेक खिळा पुढं सरकायचा. पहिल्या खिळ्यावर जो, पुढचा माल त्याचा. तो निघाला की बाबू त्याची पाटी ड्रॉवरमध्ये ठेवत, आणि परत आल्यावर हातात देत.

नियम एकच होता. नंबर मागंपुढं करायचा असेल तर पाटी ज्याची त्यानंच हलवायची. बाबूंनीसुद्धा नाही.

लहानूभाऊ आमचे शेजारी. नंदनवन वस्तीत तेव्हा घरं विरळ होती. आमचं एक, त्यांचं एक, मध्ये कडुनिंब. त्यांना जबलपूरचा माल लागला. लोखंडी सळ्या. सळ्यांचा माल सगळेच टाळायचे. उतारावर ब्रेक दाबला की सळ्या पुढं सरकतात... आणि पुढं केबिन असतं.

कुरईच्या घाटात तसंच झालं.

जास्त लिहीत नाही.

ह्यांनी मला सांगितलं, “लहानूनं माल स्वतः मागून घेतला.” मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय?

तर त्या दुपारी बाबूंनी ते नाव घेतलं, आणि मी वळून फळीकडं पाहिलं.

पहिला खिळा रिकामा होता.

दुसऱ्या खिळ्यावर लहानूभाऊंची पाटी होती.

ती हळूहळू हलत होती... वारा नव्हता.

“कोणं मजाक केली बे?” बाबू ओरडत बाहेर आले. ओसरीत बाकावर एकटे नत्थूकाका झोपले होते, सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांनी डोळे उघडले, फळीकडं पाहिलं, आणि उठून बसले.

बाबूंनी ड्रॉवर पाहिला. कुलूप जसंच्या तसं. किल्ली त्यांच्या करदोट्याला. ड्रॉवर उघडला तर आत पाटी नव्हती.

त्यांनी ती खिळ्यावरून काढली आणि परत कुलपात टाकली.

“वयनी... बळीरामले सांगू नका.”

ह्यांना का सांगायचं नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला पाटी पुन्हा तिथंच.

तिसऱ्या दिवशीही.

मग आवाज सुरू झाला. मागच्या आवारातून... खण्ण... सळईवर सळई टाकावी तसा. आवारात त्या आठवड्यात फक्त तुरीची पोती होती.

पहिल्या खिळ्याला कोणाची पाटी सोसेना. कोणीही लावली तरी साडेबाराला ती खाली पडलेली असायची. आणि दुसऱ्यावरची पाटी रोज जास्त जड. चौथ्या दिवशी ती काढायला बाबूंना दोन्ही हात लागले. पाचव्या दिवशी निघालीच नाही. ड्रायव्हर मंडळींनी नंबर तिसऱ्या खिळ्यापासून लावायला सुरुवात केली. का, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

मी दिसले की सगळे बोलायचे थांबायचे. वडी देऊ का म्हटलं तर “नको वयनी, पोट भरून आहे.” दहा ट्रक ड्रायव्हर, आणि सगळ्यांचं पोट भरलेलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हे तर अपघातापासून ऑफिसात गेलेच नव्हते. “कंबर धरली” म्हणायचे. स्वतःची पाटी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचे. मी रात्रंदिवस त्या कंबरेला तेल चोळलं. कंबरेला काहीही झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी इंदू आली. लहानूभाऊंची बायको. वय बावीस, कडेवर दीड वर्षाची पोर. अपघात झाला त्या आठवड्यात ती माहेरी काटोलला होती.

“ताई, आता बरं आहे ना तुमचं?”

“मले?”

“नत्थूकाकानं सांगतलं. त्या दिवशी तुम्हाले लई ताप होता म्हणे. पहिला नंबर बळीरामभाऊचा होता, यायचा दुसरा, पण घरी तुमच्यापाशी कोणीच नाही. म्हणून आमच्या यायनं आपली पाटी पुढे लावली.” तिनं पोरीचं नाक पदरानं पुसलं. “कोणाच्या कामी पडून गेले, ताई. तेवढ्या एका गोष्टीनं मले झोप लागते. नाही तर मी कधीचीच विहीर जवळ केली असती.”

त्या दिवशी मला ताप नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी वडीचा डबा घेऊन लकडगंजात गेले होते. बाबूंनी माझ्या हातून तो घेतला होता. नत्थूकाकांनी दोन वड्या खाल्ल्या होत्या. दुपारी हे घरी आले, “आज नंबर नाही” म्हणाले, आणि दोन वाट्या आमरस पिऊन झोपले.

इंदू माझ्याकडं पाहत होती.

मी म्हटलं, “हो वं. लई ताप होता.”

लिहायला पाच शब्द. पण ते मी म्हटले, दुसऱ्या कोणी नाही.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, “माह्या तापाचं कोणं सांगतलं?”

हे कडुनिंबाकडं पाहत बोलले.

“देवाजीबाबू म्हणाले, सळ्यांचा माल आहे, तू घरी जा. लहानूचं मी पाहतो.”

“अन् लहानूभाऊले?”

“बाबूनंच त्याले तुह्या तापाचं सांगतलं. मी समोरच उभा होतो.”

“तरी तुम्ही काही बोलले नाही?”

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातली पाटी काढून जमिनीवर ठेवली.

“त्यानं पाटी पुढे लावली. मले म्हणाला... वयनीची काळजी घेजो गा.”

आठ वर्षं जपलेलं नातं असं कामी आलं. माझी वडी, माझे धंतोलीचे अकरा डबे. आणि शेवटी त्या दोघांनी मलाच पांघरूण घालून आजारी पाडलं होतं, मला न विचारता.

आता पुढचं आधीच सांगून टाकते. शेवटाला आले की त्यापुढं मला लिहवणार नाही.

ह्यांनी पुन्हा ट्रक चालवला नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ऑफिस दोन वर्षांत बंद पडलं. तोवर पहिल्या खिळ्यावर कोणी पाटी लावली नाही. इंदू लहानूभाऊंची पाटी आणि पोर घेऊन काटोलला गेली. सोळा वर्षांत तिचं पत्र नाही. मीही टाकलं नाही. काय लिहिणार, माझी तब्येत बरी आहे?

ह्यांची पाटी मी चुलीत घातली.

आमच्या दारामागं एक खिळा आहे. त्यावर दुपारी साडेबाराला काहीही टिकत नाही. पिशवी, कॅलेंडर, ह्यांचा सदरा... खाली पडलेलं असतं. खिळा पक्का आहे. मी ओढून पाहिला आहे. हे जेवायला एकच्या आत कधीच घरी येत नाहीत. आणि मीही त्या वेळेला मागच्या अंगणात काहीतरी काम काढते.

हे सगळं ह्यांना न विचारता लिहिते आहे. असो. मलाही तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

तर सातव्या दिवशी इंदू म्हणाली, “ताई, त्यायची पाटी मले पाहिजे. घरी ठेवीन.” तिला नाही म्हणता येईना. हेही आले, का कोण जाणे. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा व्हायचे होते.

पाटी दुसऱ्या खिळ्यावर होती.

इंदूनं दोन्ही हातांनी धरली. पाटी हलली, फिरली... पण खिळा सोडेना. वरच्या भोकात नुसता सुतळीचा फास होता. एक वर्षाचं पोर ओढून काढेल असा.

“यायचं काही राहिलं काय?” ती रडायला लागली.

नत्थूकाका पुढं आले. दहाव्याला कावळा शिवेना की घाटावर माणसं करतात, तसं त्यांनी हात जोडले.

“लहानूच्या मनात काही अडकून आहे. बोला गा एकेक जण.”

देवाजीबाबू बोलले, “लहानू, तुह्या पोरीच्या शाळेचं मी पाहीन.”

इंदूनं ओढलं. पाटी निघाली नाही.

नत्थूकाका बोलले, “तुह्या घरचं छप्पर आम्ही पावसाआधी शाकारून देऊ, बावा.”

नाही.

मागच्या आवारात... खण्ण...

हे बोलले. “लहानू, इंदूवयनीले मी सख्ख्या बहिणीवाणी पाहीन.”

पाटी हलायचीही थांबली.

खसाच्या ताटीतून टपटपणारं पाणी थांबलं. ओसरीतला गारवा गेला. कोणीतरी रांगेत आपल्या मागं उभं असावं, असं वाटत होतं... पुढचा कधी निघतो याची वाट पाहत, न रागावता.

तिघंही पुन्हा बोलायला लागले. शाळा, छप्पर, लुगडं, दिवाळी. एकमेकांच्या वरताण. सगळे काहीही द्यायला तयार होते.

इंदूनं पाटी सोडली नव्हती. हुंदके देत ती माझ्याकडं वळली. “ताई, तुम्ही बोला. तुमच्यासाठीच गेले ना ते. तुमचं ऐकतील.”

बाबूंनी मान हलवली... नको. ह्यांनी माझा दंड धरला.

मी इंदूकडं पाहिलं. तिला आता झोप कशी लागेल, एवढंच डोक्यात होतं. ह्यांचा हात मी सोडवला.

“इंदू,” मी म्हटलं, “त्या दिवशी मले काहीच झालं नव्हतं वं.”