सहा दिवसांत सात मिलिमीटर

अंकुरमापकाच्या पडद्यावर १३३ हा आकडा उमटला आणि डॉ. इरावती सबनीसने समोरच्या माणसाकडे नव्याने पाहिलं. आतापर्यंत तो तिचा रुग्ण होता. आता तो संशयित झाला.

रोहिदास ढवळे हा चंद्रतळाचा क्रेनचालक. तळ जमिनीखाली, लाव्ह्याने कोरलेल्या भुयारात. तिथे ना सूर्य दिसे ना पृथ्वी, आणि पृथ्वीशी बोलणं फक्त तळप्रमुखांच्या कक्षातून होई. अपघाताला आज एकशेचौदा दिवस झाले होते. गोदामात क्रेनचा खोका निसटला आणि त्याखाली अनंत तांडेल जागीच गेला. क्रेनच्या पोलादी चौकटीत रोहिदासचा उजवा दंड चेमटला. हाड वाचलं, पण हाडाला मागून वळसा घालून जाणारा अरीय मज्जातंतू चिरडला. मनगट उचलणं हे त्याचंच काम. तेव्हापासून रोहिदासचा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता.

"मॅडम, बरा होतोय ना?"

"होतोय. जरा जास्तच," इरावती म्हणाली.

तळाचे प्रमुख नाडगौडा मूळचे इंजिनियर. त्यांना तिने दुपारी सगळं समजावून सांगितलं.

"चिरडलेला मज्जातंतू इजेच्या जागेपासून पुन्हा फुटतो. तळावर आपण सगळ्यांनाच नेमाने जे औषध टोचतो, त्याने तो दिवसाला बरोबर एक मिलिमीटर वाढतो. कमी नाही, जास्त नाही. हजारो रुग्णांवर मोजलंय. अंकुर कुठवर पोचला ते मोजलं की इजा कधी झाली ते कळतं."

"आणि ढवळेंचा?"

"एकशेतेहतीस मिलिमीटर. म्हणजे अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची इजा."

अर्थ उघड होता. आधीच लुळा पडलेला हात लपवून हा माणूस क्रेनवर बसला, दांडा त्याच्या हातून सुटला आणि तांडेलचा जीव गेला. अपघाताच्या दिवशी दंड सुजून काळानिळा झाला होता. जुनी इजा त्याखाली सहज झाकली गेली असणार. चौकशी संपत आली होती. इरावतीचा अहवाल आला की रोहिदासवर मनुष्यवधाचा ठपका बसणार होता.

"आठवड्याने अहवाल द्या. घाई नको," नाडगौडा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा सैल पडल्याचं तिला जाणवलं. तो थकव्यामुळे असेल असं ती धरून चालली.

पुढचे दिवस ती पोलिसासारखी वागली, आणि तिला ते आवडलंही. आचाऱ्याने सांगितलं की अपघाताआधी रोहिदासने दोनदा चहाचा कप पाडला होता. झालं, आणखी काय पाहिजे? मृताचा धाकटा भाऊ विनायक तांडेल तळावरच होता. तो रोहिदास असलेल्या पंगतीला बसत नसे. रोहिदास आपलं ताट घेऊन कोपऱ्यात जाई आणि डाव्या हाताने जेवे. इरावतीला ते पाहून वाईट वाटायचं आणि पाठोपाठ स्वतःचाच राग यायचा.

एकशेविसाव्या दिवशी तिने शेवटचं मोजमाप घेतलं.

"मॅडम, हात त्याच दिवशी गेला," रोहिदास म्हणाला. "त्याआधी धड होता. मी तांडेलला मामा म्हणायचो. लपवून बसलो असतो का क्रेनवर?"

पडद्यावर १४० आला होता.

तिने वजाबाकी केली आणि ती थबकली. सहा दिवसांत सात मिलिमीटर. खोटं बोलणारा माणूस इजेची तारीख मागेपुढे सरकवू शकतो, पण इजेनंतरचा वेग त्याच्या हातात नसतो. इजा जुनी असती, तरी या सहा दिवसांत अंकुर सहाच मिलिमीटर सरकायला हवा होता. मज्जातंतू चुकत नसेल तर चुकतंय ते दुसरंच काही तरी.

तिने स्वतःची नाडी धरली. मिनिटाला चौऱ्याऐंशी. नेहमी बहात्तर असायची. गेले कित्येक आठवडे तळावर सगळ्यांचीच नाडी जलद लागत होती, आणि तिने ताण समजून सगळ्यांना गोळ्या वाटल्या होत्या. सगळे म्हणत, दिवस सरता सरत नाही, जेवणाआधीच भूक लागते. तिला स्वतःची लाज वाटली.

तळावरचं प्रत्येक घड्याळ नाडगौडांच्या कक्षातल्या मुख्य घड्याळावर चाले. तिला त्याच्यावर न चालणारं काही तरी हवं होतं. तिने एक मीटर दोरा मोजून घेतला, त्याला नटबोल्ट बांधला आणि छताला टांगला. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणात अशा लंबकाचे मिनिटाला बारा झोके व्हायला हवेत. भिंतीवरच्या घड्याळाचं एक मिनिट सरेपर्यंत चौदा झाले. तिने पुन्हा मोजले. चौदाच.

ती तडक नाडगौडांकडे गेली.

"सर, आपलं मिनिट सत्तर सेकंदांचं आहे."

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अपघातात गोदामाचा कप्पा फुटला. आत किती अन्न उरलं ते मी एकट्याने पाहिलं. त्याच दिवशी दिवस अठ्ठावीस तासांचा केला. जेवणं तीनच ठेवली. कमी खा म्हणालो असतो तर माणसं एकमेकांच्या ताटात बघायला लागली असती. पुरवठायान एकशेतिसाव्या दिवशी येणार होतं. तेव्हा आपल्या कॅलेंडरवर एकशे अकरावा असता. लोक म्हणाले असते, लवकर आलं, बरं झालं."

इरावतीने मनात मोजलं. आज खरा दिवस एकशेचाळिसावा.

"म्हणजे ते आलंच नाही," ती म्हणाली.

"निघालंच नाही. दुसरं कधी निघेल हे पृथ्वीवरच्यांनाही माहीत नाही." नाडगौडा पुढे झुकले. "डॉक्टर, अहवालात जुनी इजा लिहा. पृथ्वीवर गेल्यावर ढवळेंचं मी सगळं निस्तरतो."

"आणि पृथ्वीवर गेलोच नाही तर? तो खुनी म्हणूनच मरणार?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांना तळावरच्या तेरा माणसांच्या जिवाची काळजी होती, हे तिला कळत होतं. तरीही तिला त्यांचा विलक्षण संताप आला.

जेवणाच्या वेळी तिने अहवाल विनायक तांडेलच्या हातात दिला. मोठ्याने वाच म्हणाली. दोनच वाक्यं होती.

"रोहिदास ढवळे यांची इजा अपघाताच्याच दिवशीची आहे. त्या अपघाताला आज एकशेचाळीस दिवस झाले."

विनायकने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मॅडम, एकशेवीस म्हणायचंय ना? आकडा चुकलाय."

"आकडा बरोबर आहे. चुकलंय ते कॅलेंडर," इरावती म्हणाली. मग तिने मज्जातंतू, नाडी, लंबक असं एकेक करून सगळं सांगितलं.

कुणी घास उचलला नाही. विनायक उठला, कोपऱ्यात गेला आणि रोहिदासचं ताट उचलून आपल्या शेजारी आणून ठेवलं. रोहिदास त्याच्यामागून येऊन बसला. त्याने डाव्या हाताने घास उचलला, आणि तो हात तसाच थांबला.

"मॅडम," त्याने विचारलं, "मग यान कुठाय?"