लाइपझिगला जाणारा मसाला

“मॅडम… ओ मॅडम! उठा. तुमचा मसाला झाला.”

संजनाने डोळे उघडले तर समोर लाल भुवयांचा माणूस. भुवया लाल, पापण्या लाल, कानाच्या पाळ्यासुद्धा लाल. नाकातोंडाला रुमाल आणि रुमालाच्या वर हसणारे दोन डोळे. एप्रिलची दुपार, जेलरोडवरचं बायडाबाईंचं मिरची कांडप, धणधण आपटणारी लोखंडी मुसळं, शिंकून शिंकून बेजार झालेल्या बायका… आणि या एवढ्या गोंगाटात ही बाई पोत्याला टेकून चक्क घोरत होती.

तिचा तरी काय दोष? परवाच जर्मनीहून आलेली. अंग नाशिकला पोचलं होतं, झोप अजून वाटेत होती.

तिने ओढणी सावरली, डब्याचं झाकण काढलं आणि चिमूटभर मसाला नाकाशी नेला. तिचा चेहराच बदलला.

“यात खोबरं आहे.”

“नाही हो.”

“माझ्या मसाल्यात खोबरं नसतं. यात आहे. घ्या, तुम्हीच बघा.”

त्याने रुमाल खाली ओढला, चिमूट जिभेवर ठेवली आणि मशीनच्या उखळाकडे पाहिलं. कांडपावर येणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं, आधीच्या बाईचा मसाला मशीनच्या उखळात थोडा राहतोच. म्हणून नंबर आला की जी ती उठून उभी राहते, उखळ पुसून घेते, पहिली मूठ बाजूला काढायला लावते. मुसळ थांबेपर्यंत तिथून हलत नाही. संजना झोपली होती. आणि हा मयूर, बायडाबाईंचा मुलगा, एवढा शहाणासुरता फिटर माणूस, तिला उठवायचं सोडून तिच्याकडे बघत बसला. बघता बघता उखळ पुसायचं राहिलं आणि आधीच्या बाईचं खोबरं हिच्या मिरचीत गेलं.

“थोडंच असेल,” तो म्हणाला. “चव उलट वाढलीय.”

“हा मसाला वर्षभर लाइपझिगला राहणार आहे. खोबरं खवट होतं. तो खवट मसाला खाऊन मी तिथे काय तुमचं कौतुक करू?”

“कौतुक नको. आठवण काढा, बास.”

रांगेतल्या बायका खुदखुदल्या. संजनाचे कान तापले… आणि त्याच्याशी मिरचीचा काही संबंध नव्हता.

“उद्या नवीन मिरच्या घेऊन घरी येतो,” मयूर आता हळू आवाजात म्हणाला. “चूक माझी आहे. निवडण्यापासून सगळं मी करून देतो.”

“याच!” संजना म्हणाली, पत्ता फेकला आणि डबा काखेत मारून तरातरा निघून गेली. वळणावर तिने एकदाच मागे पाहिलं. तो अजून तसाच उभा होता.

संजना तीन वर्षं लाइपझिगमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका सेवाघरात नर्स होती. तिला एकवीस दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि या सुट्टीत तिचं लग्न ठरवायचंच, असं आई-वडिलांनी पक्कं केलं होतं. संजनानेही मनाशी एक पक्कं केलं होतं. या एकवीस दिवसांत मनाजोगता माणूस भेटला तर ठीक, नाहीतर पुन्हा हा बाजार मांडायचा नाही. एकटीने राहायचं, मानाने राहायचं. येण्याआधीच व्हिडिओ कॉलवर दोन मुलं पाहून झाली होती. पहिल्याने व्हिसाचं विचारलं, दुसऱ्याने पगाराचं. तिच्याबद्दल विचारायला कुणालाच सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मयूर खरंच आला. खांद्यावर मिरच्यांचं पोतं, अंगात धुतलेला शर्ट, भुवया काळ्या. काळ्या भुवयांत तो जरा जास्तच बरा दिसतो, हे संजनाच्या लगेच लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

दारात तिची आजी सुलाबाई बसली होती. या घरात पंखा किती नंबरवर फिरायचा, हेसुद्धा सुलाबाई ठरवायची.

“जयभीम, आजी.”

“जयभीम. तूच का तो खोबऱ्या?”

“मीच.”

“बस हितं. देठं काढ. एक देठ जरी ऱ्हायला ना, तर सगळं परत निवडाया लावीन.”

तीन दुपारी मयूर घराच्या गॅलरीत मिरच्यांची देठं काढत बसला. समोर संजना, मध्ये मिरच्यांचा ढीग. आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि कान उघडे ठेवायची.

“तिथं मिरची मिळत नाही?” त्याने विचारलं.

“मिळते. पण फोडणी देता येत नाही. पहिल्या महिन्यात एकदा ठेचा केला, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. अख्खी बिल्डिंग खाली रस्त्यावर. पायजम्यावर, बर्फात!”

“मग?”

“मग काय… मी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरले. वरच्या मजल्यावरच्या बाईने दुसऱ्या दिवशी दार वाजवलं. वाटलं, आता भांडते. तर म्हणाली, काल वास फार छान येत होता, काय होतं?”

मयूर हसला. त्याचं हसणं गडगडत यायचं आणि एकदम थांबायचं, मशीनचा पट्टा सुटावा तसं.

तिने खूप सांगितलं मग. कचऱ्याच्या चार वेगवेगळ्या बादल्या. रविवारी, शांततेच्या दिवशी, कपडे धुवायचं मशीन लावलं म्हणून मिळालेली तक्रारीची चिठ्ठी. भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाल्यावर एकटीनेच खाल्लेला केक. आता वॉर्डातल्या कामवाटपाची यादी तीच करते. एक नव्वद वर्षांचे आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातची गोळीच घेत नाहीत.

“तिथे मला मान आहे,” ती ताठ बसून म्हणाली. “कमावलेला.”

“दिसतंय,” तो म्हणाला. मग देठ मोडता मोडता त्याने सहज विचारलं, “नाईट करून सकाळी घरी येता, तेव्हा दार कोण उघडतं?”

संजना थांबली. तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं… आईनेसुद्धा नाही.

“कुणी नाही. किल्ली असते ना.”

देठ मोडायचं थांबवून त्याने नुसतं बघितलं. तिने हातातली मिरची ढिगात टाकली आणि त्याच हाताने डोळे पुसले… मग जी धावपळ झाली! गार पाणी, साखर, मयूरचा रुमाल. “मिरचीचा हात गं!” म्हणून आजी ओरडत होती. पण डोळ्यात पाणी मिरचीच्या आधी आलं होतं. ते मयूरने पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी मनमाडचा दिनेश तिला बघायला आला. इंजिनिअर, सोबत आई आणि मामा. बाहेर पोह्यांच्या बशा मांडल्या होत्या आणि आत ओट्यापाशी मयूर निमूटपणे धने भाजत होता. त्याने आज येऊ नये म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम सुलाबाईने अंगावर घेतलं होतं आणि ती नेमकी विसरली होती म्हणे.

“डिपेंडंट व्हिसावर लगेच काम करता येतं ना?” दिनेशने विचारलं. “आणि फ्लॅट तुमच्या नावावर आहे का भाड्याचा? पार्किंग आहे?”

संजना तोंड उघडणार, तेवढ्यात सुलाबाईने आत वळून हाक दिली, “खोबऱ्या, आता मिरच्या टाक रं कढईत!”

मिरच्या पडल्या. दोन मिनिटांत मनमाडचे मामा खोकायला लागले, मग आई, मग दिनेश. पोहे तसेच राहिले, पाहुणे जिन्यावर. सुलाबाई पदराने वारा घेत म्हणाली, “एवढ्यानं जीव गेला, तर तिकडं ठेचा कोण खाणार?”

संजना हसून हसून खाली बसली. आतून मयूर आला, पुन्हा लाल झालेला, हातात झारा. हसता हसता दोघांची नजर एक झाली आणि… हसू थांबलं, नजर नाही.

संध्याकाळी मसाला कांडून आणून डब्यात भरून झाला. खोबरं नाही, देठ नाही, वास सगळ्या कॉलनीभर. आता त्याला यायचं काही कारण उरलं नव्हतं. जिन्याच्या पायरीवर संजनाने त्याला गाठलं. ती सरळ बोलणारी बाई, तिने सरळ विचारलं.

“तू येशील लाइपझिगला? लग्न करून?”

मयूरने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला.

“इथं कुणाचं मशीन बंद पडलं, की अख्ख्या जेलरोडला मी लागतो,” तो म्हणाला. “तिथं मी कुणाला लागणार? साधा पाव आणायचा तरी मला तू लागशील. आणि आई… ती इथं एकटी.”

“मी तीन महिने बोट दाखवूनच पाव आणलाय,” संजना म्हणाली. “मेले नाही.”

“तसं नाही गं—”

“कळलं. मसाला छान झालाय. आता येत जाऊ नका.”

‘नका’ ऐकून त्याने मान खाली घातली. ती वर गेली. पाय आपटत गेली, म्हणजे त्याला ऐकू जावं.

पुढचे दहा दिवस तो आला नाही. संजनाने बॅगा भरल्या, काढल्या, पुन्हा भरल्या. आईने आणखी एका मुलाचा फोटो पुढे केला, तो तिने बघितलाही नाही. निघायला तीन दिवस उरले होते.

“एकटीला जमतं मला सगळं,” ती आजीला म्हणाली. कुणी विचारलं नसताना म्हणाली.

“जमतंच की. तुझा आजा गेला तवा मलाबी जमलं. चार पोरं वाढवली. पर जमलं म्हंजे आवडलं व्हय गं?”

संजनाने बॅगेची चेन ओढून लावली.

“काय म्हनलीस तू त्याला? आठव.”

“येशील का म्हणाले. आणखी काय म्हणणार?”

“नोकरीवर ठेवतीस का त्याला? येशील का, कधी येशील… कशापायी यायचं, ते कुठं सांगितलंस? त्याला वाटलं असंल, हिला घरात कुनीतरी मानूस पायजे, मंग मीच कशाला?” सुलाबाईने पानाची डबी टपकन मिटली. “मान लय मोठा तुझा. माझ्यावरच गेलीस. पर दोन शब्द बोलल्यानं मान काय झिजत नाय.”

संजना चपला घालून निघाली, त्याही उलटसुलट.

कांडपावर रांग दारापर्यंत आली होती. मुसळं धणधण आपटत होती. मयूर मशीनपाशी होता.

“मयूर!”

“काय?”

“मला बोलायचंय!”

“ऐकू येत नाही!” त्याने कानाला हात लावला. डोळे मात्र तिच्यावरून हलले नाहीत.

“त्या दिवशी मी चुकीचं विचारलं!”

“काय?”

संजनाने मोठा श्वास घेतला, शिंक आवरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “मला सोबतीला कुणीतरी नकोय! मला तू पाहिजेस!”

आणि नेमकी मधेच लाईट गेली. मुसळं जिथल्या तिथे थांबली, पंखे थांबले आणि शेवटचे तीन शब्द त्या शांततेत एकटेच घुमले. वीस-पंचवीस बायका. कुणाची शिंक नाकात राहिली, कुणाचा हात पिशवीत. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बायडाबाईंनी चष्मा वर केला.

संजनाचे कान पेटले होते. पण मान तिने खाली घातली नाही.

“हो, बोलले,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “परतही बोलेन.”

“परत बोल,” मयूर म्हणाला.

“आधी तू बोल.”

“मी… चार दिवस झाले, कॉलेज रोडला जर्मनच्या क्लासला जातोय.”

“चार दिवस? आणि मला सांगितलं नाहीस?”

“येत जाऊ नका म्हणालीस!”

बायका हसल्या. संजनाला हसू आवरेना, रडूही आवरेना. “काय शिकलास मग?”

“आकडे. ते लोक एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात, मग वीस. म्हटलं, हे तर आपल्यासारखंच आहे, जमेल की.” तो रुमाल चुरगाळत राहिला. “बाकी काहीच आपल्यासारखं नाही. काम मिळायला वेळ लागेल.”

“वर्ष लागेल.”

“तोवर घर सांभाळीन.”

“आणि वर्षाने नाही मिळालं तर? तिथे कुणाला लागणार मी, असं पुन्हा वाटलं तर?”

त्याने रुमाल खिशात कोंबला. संजना दोन पावलं पुढे आली. या वेळी ती ओरडली नाही… इतकं हळू बोलली, की पुढच्या रांगेतल्या बायकांना वाकावं लागलं.

“मला लागतोस.”

मयूरने तिचा हात धरला. सगळ्यांसमोर, मिरचीच्या हाताने. आईकडे पाहायला त्याने मान वळवली, तर बायडाबाई आधीच उठल्या होत्या.

“माझ्याकडं काय बघतो? तू पाळण्यात होतास तेव्हापासून हे मशीन मी चालवतेय. बिघडलं तर फोनवर दाखवीन, तिकडून सांग.” मग संजनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत त्या म्हणाल्या, “नेतेस तर ने. पण वर्षातून एकदा आणून दाखवायचा.”

“दोनदा आणीन, आई.”

तिने ‘आई’ म्हटलं तसा बायडाबाईंचा चष्मा धुकटला. त्या तो पदराने पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या. तेवढ्यात लाईट आली. पंखे फिरले, मशीनवरचा लाल दिवा लागला.

“अगं, चालू करा की आता,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांब गं जरा,” पुढची बाई कुजबुजली. “हात सोडू दे त्यांना.”

मशीन बराच वेळ बंदच राहिलं.