मानोंग प्रुदिंगची परवानगी

त्या रविवारी सकाळी साडेसातला दोराय विमानात बसली, तेव्हा मागच्या सीटवर केळीच्या पानांत गुंडाळलेलं भाजलेलं आख्खं डुक्कर होतं आणि शेजारी तिचे वडील, ताताय, मांडीवर भाताचं पातेलं सांभाळत बसले होते. पलीकडच्या बेटावर नऊ वाजता तिच्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. समुद्र खवळलेला, होड्या बंद. उरलं ते दोरायचं चार सीटांचं जुनं विमान.

दोराय धर्ममाता होणार होती, तीही पाचव्यांदा. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून गावातल्या बायका तिला ‘सगळ्यांची धर्ममाता’ म्हणत. ती हसून घ्यायची. पण प्रत्येक बाप्तिस्म्याहून आली की नवऱ्याकडे पाठ करून उशी भिजवायची, आणि एल्मेर बिचारा झोपल्याचं सोंग घ्यायचा.

दोरायने रेडिओ लावला. इंजिन सुरू करायचं तर आधी टॉवरची परवानगी हवी. खरं तर आता टॉवरमध्ये कुणी नसे. आठवड्यात प्रवासी विमान यायचं त्या दोन दिवशीच तिथे माणूस बसे, एरवी कुलूप. पण सगळे ज्याला मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत त्या प्रुदिंगने एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसून सगळ्या वैमानिकांना वळण लावलं होतं. कुणी न विचारता पंखा फिरवला की म्हातारा खिडकीतून चप्पल दाखवायचा. “विमानात किती जीव?” हा त्याचा ठरलेला प्रश्न, आणि उत्तराला उशीर झाला की ठरलेली शिवी. स्वतः मात्र तो जन्मात विमानात बसला नाही. कुणी आग्रह केला की गुडघ्यांना मेंथॉलचं तेल चोळत म्हणायचा, “परवानगी देणारा मी. मला कोण देणार?”

त्याला वारून वर्ष झालं होतं. तरी तिथले सगळे वैमानिक रिकाम्या टॉवरकडे परवानगी मागत, मनात दहा आकडे मोजत आणि मगच इंजिन सुरू करत. मेलेल्याला रामराम केल्यासारखं.

“टॉवर, इंजिन सुरू करायला परवानगी द्या,” दोराय म्हणाली आणि मोजू लागली. गवत ओलं होतं. पेट्रोलचा आणि भाजलेल्या डुकराचा वास एकमेकांत मिसळला होता. चार… पाच… सहा…

सातव्या आकड्याला रेडिओ खरखरला.

“किती जीव?”

तातायांच्या मांडीवरचं पातेलं कललं. विमानतळाचे मेकॅनिक म्हणून टॉवरची किल्ली ते सांभाळत, आणि ती आत्ता त्यांच्याच खिशात होती.

“द… दोन,” दोराय कशीबशी म्हणाली.

“चूक. परवानगी नाही.”

“कोण आहे रे तिकडे?” ताताय पुटपुटले. “दोराय, फिरव पंखा. काही ऐकू नकोस…”

“न विचारता नाही फिरवायचा, ताताय. तुम्हीच शिकवलंत ना?”

ती खाली उतरली. शेपटीपर्यंत पाहिलं, पंखांखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. टॉवरच्या काचांवर नुसतं ऊन पडलं होतं. ती परत येऊन बसली.

“मानोंग… डुक्कर धरून तीन, म्हणायचंय का तुम्हाला?”

“डुक्कर भाजलंय, गाढवे. त्यात कसला जीव? नीट मोज.”

तातायांना भीतीतही हसू फुटलं. “तोच आहे गं हा! मेला तरी जीभ तशीच.”

घड्याळात आठ वाजत आले होते. दोरायने डोळे मिटले आणि म्हातारा म्हणेल ते म्हणून टाकलं. “विमानात… तीन जीव.”

“आता बरोबर. परवानगी आहे. आणि सावकाश ने, इंदाय. धक्के देऊ नकोस.”

इंदाय! एकतीस वर्षांत म्हाताऱ्याने कुणाला पोरी म्हणून हाक मारली नव्हती. दोरायला वाऱ्यातून विमान नेताना सगळी वाट तीच हाक ऐकू येत राहिली.

तीन आठवड्यांनी तिला भाताच्या वासाने उलटी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिवस मोजले आणि हसून सांगितलं, त्या रविवारी पोटात जीव होताच. एल्मेर दवाखान्याच्या दारातच नाचला. तातायांनी मात्र टॉवरच्या पायरीवर मेंथॉलच्या तेलाची नवी बाटली नेऊन ठेवली आणि कितीतरी वेळ तिथेच डोळे पुसत बसले.

मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याला पुन्हा पलीकडच्याच बेटावर जायचं ठरलं. एल्मेर डुक्कर घेऊन आदल्या दिवशी होडीने पुढे गेला होता. धर्ममाता या वेळी दुसरीच होती. विमानात दोराय, शेजारी ताताय, त्यांच्या मांडीवर बाळ. मागच्या दोन्ही सीटा रिकाम्या.

“टॉवर, परवानगी द्या. विमानात तीन जीव.”

दहा आकडे झाले. काहीच नाही. तिने इंजिनच्या किल्लीला हात घातला, तोच मेंथॉलचा वास आला. खिडकीतून नव्हे. मागून.

रेडिओतला आवाज या वेळी अगदी हळू होता, लाजल्यासारखा. “चार म्हणालीस… तर चालेल का?”

दोरायच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच क्षणी तिचे डोळे भरून आले. मागे वळून पाहायचा धीर मात्र झाला नाही.

“परवानगी आहे, मानोंग,” ती म्हणाली. “बसा.”

मागे खट्‌ असा आवाज झाला. बाळ तातायांच्या खांद्यावरून मागे पाहून खुदकन हसलं. ओझं असल्यासारखं विमान धावपट्टीवर नेहमीपेक्षा जरा जास्त धावलं, आणि निळ्या समुद्रावर उन्हात वर चढलं.

पलीकडे उतरल्यावर तातायांनी पाहिलं. मागच्या उजव्या सीटचा पट्टा लावलेला होता. तो उघडेना. पक्कड घेतली, तेल घातलं, तेहतीस वर्षं विमानं दुरुस्त केलेल्या हातांना तो दाद देईना.

तो पट्टा अजून तसाच लावलेला आहे. त्या सीटवर दोराय कुणाला बसवत नाही. रोज सकाळी ती रिकाम्या टॉवरकडे परवानगी मागते, दहा मोजते, आणि उत्तर मागच्या सीटवरून येतं.