हात आईचे, नाव वेदिकाचं

वेदिका गावंडेनं बटण दाबलं आणि पडद्यावर तिचं अनुभवपत्र उमटलं. ते वाचून तिला आधी हसू आलं, मग तिनं ते पुन्हा एकदा नीट वाचलं.

संख्याशास्त्राची पदवी नुकतीच हाती पडलेली, नोकरीच्या नावानं पाटी कोरी. अशा मुलीच्या नावापुढे यंत्रानं लिहिलं होतं: ‘रुग्णनिगा उत्तम. जड रुग्ण उचलण्यात तज्ज्ञ. एका वेळी अनेक कामं सांभाळण्याची क्षमता असाधारण.’

आताशा बायोडाटा कोणी लिहीत नसे. लोक त्यात वाटेल त्या थापा मारतात, म्हणून नववीतच प्रत्येक मुलाच्या मनगटावर एक कडं चढायचं. स्नायूंची हालचाल, नाडी, मनाची एकाग्रता असं सगळं टिपून ते ठरवायचं, की या माणसाला खरोखर काय येतं. कड्यानं साक्ष दिली नाही, तर तुम्हाला ते येतच नाही!

पण ज्या शहाण्यांनी कडं बनवलं, त्यांनी ते हाताच्या हालचालीवर चार्ज होईल अशी सोय केली होती. अभ्यासाला बसलेल्या पोराचा हात हलतो किती? कडं बंद पडलं की शाळेतून फोन. मग वाशीमच्या घरोघरी एकच तोड निघाली: “आई, घाल ना वं जरा, चार्ज होऊ दे.” आईचा हात काही थांबत नाही. वेदिकाचं कडं तर पहिल्याच आठवड्यात तिच्या आईच्या, ज्योत्स्नाबाईंच्या मनगटावर गेलं आणि त्या हातालाच वेदिका समजून बसलं. पुढं तिच्या शिक्षणाची सगळी वर्षं ते बहुतेक तिथंच राहिलं. त्याच वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं, म्हणजे वेदिकाच्या आबाजींचं, सगळं ज्योत्स्नाबाईंनी एकहाती केलं.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या एका पुनर्वसन रुग्णालयाचं बोलावणं आलं. काम रुग्णांच्या निगेचं, पगार घसघशीत.

“चालून आलं तं घेऊन घे ना बापा,” बाबा म्हणाले. “बाकीचं तिथं गेल्यावर शिकून घेजो.”

वेदिकाला मात्र वेगळंच आठवलं. एकदा आई गावाला गेली असताना तिनं आबाजींना कुशीवर वळवलं होतं. त्यांचा आखडलेला खांदा तिच्या हाताखाली दुखावला आणि ते कळवळून ओरडले. नोकरी तिला हवी होती, जिवापाड हवी होती. पण दुसऱ्या कुणाचा आजोबा या हातांत द्यायचा? नाही म्हणजे नाही.

ती अकोल्याला गेली, आईला सोबत घेऊन. आबाजींसाठी बाबांनी रजा टाकली. मुलाखत घ्यायला डॉ. नाझनीन काझी होत्या. खुर्चीवर बसायच्या आतच वेदिका म्हणाली, “डॉक्टर, हा अनुभव माझा नाही. कडं आईच्या हातात असायचं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बोलली नसतीस तर उद्या तू वॉर्डात असतीस.”

“म्हणूनच बोलले.”

“ही नोंद पुसली की तुझं पान कोरं. कोऱ्या पानाला कुठंच मुलाखत मिळत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. पण पुसू नका. जिची आहे, तिच्या नावावर करा.”

बाहेर बाकावर बसलेल्या ज्योत्स्नाबाईंना आत बोलावलं, तर त्या दारातच थबकल्या. “मी कायले? मले काय येते?” वेदिकानं कडं त्यांच्या मनगटात घातलं आणि सरावासाठी ठेवलेला माणसाएवढा, माणसाएवढाच जड पुतळा दाखवला. तो पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचा होता. बाई पुढं झाल्या. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. “सरका बापा थोडंसं,” सवयीनं त्या पुतळ्यालाही म्हणाल्या. पुतळा अलगद खुर्चीत बसला. पडद्यावर हिरवी खूण आली, नाव बदललं आणि वेदिकाचं पान पांढरंफटक झालं. तिचे डोळे भरून आले, ते मात्र अभिमानानं.

मग तिनं एक कागद मागून घेतला आणि तिथंच बसून आपला पहिला बायोडाटा लिहिला. नाव, शिक्षण. अनुभव: नाही. काय येतं: आकड्यांमधली चूक शोधता येते, आणि सापडली की सांगते.

“हे तपासायचं कसं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कामावर ठेवून.”

डॉक्टर हसल्या. शब्द काही दिला नाही, पण कागद ठेवून घेतला. मग ज्योत्स्नाबाईंकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही सोमवारपासून येऊ शकाल?”

बाईंच्या तोंडून होकार निघणारच होता. पण त्या अडखळल्या. “मी इथं आली, तं घरी आबाजीले कोन पाहीन?”

“सोमवारपर्यंत कळवा,” डॉक्टर म्हणाल्या. परतीच्या एसटीत वेदिकाच्या डोक्यात आईचाच प्रश्न घोळत होता. वाशीम आलं तेव्हा तिचं ठरलं होतं.

घरी पोचताच तिनं हातपाय धुतले, बाह्या वर केल्या आणि बाबांना हाक मारली. “बाबा, या, तुम्ही त्या अंगाले उभे राहा.” बाबा आधी बायकोकडे, मग लेकीकडे बघत पुढं आले. आबाजींनी धास्तावून डोळे गच्च मिटले. वेदिका पलंगाच्या या अंगाला उभी राहिली.

“आई, आता तू नुसती सांग. पहिला हात कुठी ठेवू?”