मालकाचा रकाना

“बघ! नीट डोळे उघडून बघ, ताई! घर तुझ्या नावावर आहे... आणि मी इतकी वर्षं शहरात बसून सगळ्यांना सांगत होतो, बहीण माझं घर सांभाळते म्हणून!”

धाकट्यानं छापील उतारा टेबलावर असा आपटला की मिठाची बरणी कलंडली. ताईनं आधी बरणी उचलली, मग चष्मा शोधला आणि मग कागद वाचला. घर क्रमांक सतरा. घरपट्टी भरलेली. मालकाचं नाव... तिचं स्वतःचं! तिनं पुन्हा वाचलं. भावाचं नाव कुठंच नव्हतं.

“अरे, हे कसं झालं, मला खरंच ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही? दरवर्षी कचेरीत जाऊन पट्टी कोण भरतं? मी?”

“मीच भरते, पण...”

“मग झालं तर! केसानं गळा कापलास, ताई!”

भावजय दारात उभी होती. “अहो, त्यांचं ऐकून तरी घ्या,” ती म्हणाली. पण त्याला ऐकायचंच नव्हतं. घर विकून शहरात जागा घ्यायची असं ठरवून तो आला होता, आणि त्यासाठी उतारा काढायला गेला तर हे हातात पडलं. “लोक मला सांगत होते, बहिणीवर लक्ष ठेव. मी त्यांच्याशी भांडलो... तुझ्यासाठी भांडलो!” बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला, आणि बायकोला घेऊन तो दुपारच्या बसनं निघूनही गेला.

ताई टेबलाशी बसून राहिली. अपमानानं तिचा जीव नुसता तडफडत होता! एका वाक्यात ती त्याचं तोंड बंद करू शकली असती. सव्वीस वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा घर दोघा भावंडांच्या नावावर लागलं होतं. धाकट्याला इंजिनांच्या कामाचं शिक्षण घ्यायचं होतं, त्याला कर्ज हवं होतं आणि तारणासाठी बँकेला घर त्याच्या एकट्याच्या नावावर हवं होतं. तेवीस वर्षांच्या ताईनं आईलाही न विचारता जाऊन आपला हक्क रीतसर लिहून सोडला आणि घरपट्टीच्या वहीतही तशी नोंद करवली. त्याच महिन्यात तिचं जुळत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना मुलगी अर्ध्या घरासकट हवी होती. धाकट्याला मात्र वाटलं, वडिलांनीच घर आपल्याला ठेवलं, आणि लग्नाचं एवढंच कळलं की ताईला मुलगा पसंत पडला नाही. त्यावरून तो अजून तिची थट्टा करायचा आणि ती हसून घ्यायची.

हे सगळं आता त्याच्या तोंडावर फेकायचं? केलेलं बोलून दाखवायचं? छे! तिनं मनाशी ठरवलं, जुनी नोंद शोधायची, मालक म्हणून त्याचं नाव त्याला दाखवायचं, बस्स. ती नोंद सापडली की तो घर विकणार आणि आपल्यावर भाड्याची खोली शोधायची वेळ येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. पण भाऊ आपल्याला चोर समजतो, या एका विचारापुढे तिला घराचं काहीच वाटेना.

ताई गावच्या दूध केंद्रावर कामाला होती. पहाटे पाचपासून कॅन उघडायचे, नमुने घ्यायचे, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठी बदलली तर एकाचं पाणचट दूध दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि मग नऊपर्यंत शिव्या खाव्या लागतात, हे ती अनुभवानं शिकली होती. ते काम उरकून ती कर कार्यालयात गेली आणि दीड तास रांगेत उभी राहिली. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, “पट्टी थकलीय?”

“नाही. नाव चुकलंय. माझं लागलंय.”

“मग कुणाचं हवंय?”

“भावाचं.”

आता मात्र कारकुनाची मान वर झाली. “तुमचं काढून भावाचं लावायचं? बाई, तब्येत बरी आहे ना?”

रांगेतले चार जण हसले. ताईच्या डोक्यात तिडीक गेली, तरी तिनं उतारा पुढे सरकवला. कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावलं, “जुन्या वहीत दोन रकाने होते. एक मालकाचा, एक राहणाऱ्याचा. संगणकात भरताना एकच रकाना ठेवला. पावतीवर ज्याचं नाव, तो मालक! काम भराभर उरकलं ना.”

“म्हणजे मी दरवर्षी वेळेवर पट्टी भरली, म्हणून...”

“म्हणून तुम्ही मालकीण झालात. आता खरं सांगायचं तर या उताऱ्यानं कुणी मालक होत नाही. कर कुणाकडे मागायचा, एवढंच तो सांगतो. पण लोक तोच नाचवत फिरतात, त्याला आम्ही काय करणार? चूक तुमच्या फायद्याची आहे. कशाला उकरून काढता?”

“मला जुनी वही बघायचीय,” ताई म्हणाली.

वही जिल्ह्याच्या रेकॉर्ड खोलीत होती. जिल्हा म्हणजे बसनं दोन तास. पहिल्या खेपेला खोली बंद. कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे, त्या बाई रजेवर. दुसऱ्या खेपेला बाई होत्या, पण अर्जावर शिक्का नव्हता, आणि शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले ते गेलेच. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, बाईंनी सतरा नंबरचं पान उघडलं, आणि ते निघालं लोहाराचं!

“हे आमचं घर नाही.”

“मग तुमचा जुना नंबर वेगळा असणार. पूर्वी तुमच्याकडे घरं पाण्याच्या टाकीपासून मोजायचे, आता शाळेपासून मोजतात. जुना नंबर सांगा.”

“तो वहीतच असेल ना?”

“नंबर सांगितल्याशिवाय वही काढता येत नाही.”

“आणि वही बघितल्याशिवाय मला नंबर कसा कळणार, हो?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंखा मोठा केला.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून रडली. दुःखानं नव्हे, संतापानं! चपला झिजल्या, रजा कापली गेली, नाकी नऊ आले, आणि कशासाठी? स्वतःच्याच डोक्यावरचं छप्पर काढून देण्यासाठी! असला शहाणपणा कोण करतं? घरी येऊन तिनं भावाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. तिनं पुन्हा लावला, त्यानं कापला. त्या क्षणी तिला वाटलं, असू दे माझंच नाव! खुशाल म्हण मला चोर! पातेलं तिनं असं आदळलं की शेजारीण विचारायला आली.

पण दुसऱ्या दिवशी केंद्रावरचं काम संपल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून घरं मोजत निघाली. पडलेली दोन घरंही तिनं जोत्यावरून ओळखून मोजली. तिचं घर एकोणचाळिसावं आलं. परतीला मोजलं तर अडतीस! डोकं धरून ती तिथंच बसली. टाकीवरच्या म्हाताऱ्या पंपवाल्यानं तिची गंमत बघितली आणि कारण कळल्यावर तो म्हणाला, “अगं, ती जोडीची दोन दारं आहेत ना, ते एकच घर होतं. भाऊ भांडले आणि मधे भिंत घातली. एकच धर.”

अडतीस. चौथ्या खेपेला बाईंनी अडतीस नंबरचं पान उघडलं, आणि मालकाच्या रकान्यात धाकट्याचं नाव होतं! राहणाऱ्याच्या रकान्यात ताईचं. तिनं पुढचं काही वाचलंच नाही, आनंदानं तिचे डोळे इतके भरून आले होते. तिनं भावजयीला फोन केला. “उद्या अकराला त्याला इथं रेकॉर्ड खोलीत पाठव. काही बोलू नकोस. म्हणावं, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

तो आला. बहिणीकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बाईंनी वही टेबलावर ठेवली, पान उघडलं, आणि तेव्हा कुठं ताईची नजर पानाच्या उजव्या कडेला गेली. तिथं ‘शेरा’ असा अरुंद रकाना होता. इतर घरांपुढे तिथं एखादा शब्द होता. अडतीस नंबरपुढे मात्र बारीक, दाटीवाटीचं अक्षर समासापर्यंत गेलं होतं.

तिनं झटकन त्या मजकुरावर तळहात ठेवला.

“हे बघ, मालक म्हणून तुझं नाव. संगणकात चूक झालीय. दुरुस्तीचा अर्ज मी भरून आणलाय. झालं तुझं समाधान? चल आता.”

“हात काढ, ताई.”

“तिथं काही नाही.”

“काही नाही तर झाकतेस कशाला? आणखी काय लपवलंयस?” त्यानं तिचं मनगट धरून हात बाजूला केला.

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आमचे जुने कारकून तसेच होते. माणूस जे बोलेल ते सगळं शेऱ्यात उतरवून ठेवायचे. साहेब रागवायचे त्यांना.”

धाकटा वाचू लागला. आधी मनात, मग नकळत ओठ हलायला लागले.

‘अर्जदार मुलगी, वय तेवीस. घरावरील आपला अर्धा हक्क भावासाठी सोडते. भावाच्या शिक्षणाच्या कर्जासाठी घर त्याच्या एकट्याच्या नावे हवे, असे म्हणते. लग्न ठरत आहे, असे कळल्यावरून घरी विचारून येण्यास दोनदा सांगितले. दोन्ही वेळा एकटीच परत आली. म्हणाली, लग्नाचे बघू, त्याचे प्रवेशाचे दिवस निघून जातील. भावाला यातील काही कळवू नये, ही विनंती. सही घेतली.’

धाकट्यानं तो मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तो पंचेचाळीस वर्षांचा, अर्धे केस पांढरे झालेला माणूस वहीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागला.

“मला का नाही सांगितलंस? ताई, का नाही सांगितलंस गं?”

“सांगितलं असतं तर तू गेला असतास शिकायला?”

“आणि लग्न? मी वर्षानुवर्षं तुझी थट्टा करत राहिलो... तू ऐकून कशी घेतलीस?”

ताईला वाटलं होतं, हा क्षण आला की आपलं मन हलकं होईल. पण हलकं कसलं? इतके दिवस दाबून ठेवलेला संताप आता उफाळून वर आला.

“ते मी हसत ऐकलं रे! पण तू मला चोर म्हणालास! पाच खेपा मारल्या मी इथं. दोन-दोन तास बसमध्ये, दारोदारी हात जोडत... आणि आता तुझा विश्वास बसला, तो या कागदावर! माझ्या तोंडाकडे बघून का नाही बसला? लहानपणापासून बघतोयस ना हे तोंड?”

बाईंनी हळूच वही त्याच्या कपाळाखालून ओढून घेतली, कारण शाई ओली होऊन चालणार नव्हती.

मग त्यानं ताईनं भरलेला अर्ज उचलला. ‘माझे नाव कमी करावे,’ एवढंच त्यात होतं. त्यानं ते खोडलं आणि वर दोघांची नावं लिहिली, तिचं आधी.

बाई म्हणाल्या, “अहो, एवढ्यानं त्यांना हक्क नाही मिळायचा. हे फक्त कराचं दप्तर आहे. त्यासाठी तुम्हाला नोंदणी कचेरीत जाऊन रीतसर लिहून द्यावं लागेल. खेटे पडतील.”

“पडू देत. मी घालीन,” तो म्हणाला. “आणि घर विकायचं नाही.”

“विकायचं नाही कसं? तुम्हा दोघांना जागा हवीय ना शहरात?” ताई चिडूनच म्हणाली.

“हवीय. बघू. तुला घराबाहेर काढून नकोय.”

दोघं बाहेर आली. कचेरीच्या पायऱ्यांवर ऊन होतं, रांग फाटकापर्यंत गेली होती. धाकटा एक पायरी उतरून थांबला.

“ताई, मी चुकलो.”

“चुकलास,” ती म्हणाली.

आजवर त्याच्या प्रत्येक चुकीनंतर ती ‘असू दे रे’ म्हणत आली होती. तोही बहुधा त्याचीच वाट बघत होता. पण आज ते शब्द तिच्या ओठांवर येईनात, आणि तिनं ते ओढूनताणून आणलेही नाहीत. तो मान खाली घालून उभा राहिला. तिनंही डोळे पुसले नाहीत.

शेवटी त्यानं हात पुढे केला. पायऱ्या उंच होत्या, तिचे गुडघे दुखत होते. क्षणभर थांबून तिनं तो हात धरला, आणि रागावलेलीच, त्याच्या आधारानं एकेक पायरी उतरू लागली.