उशी नाही म्हणजे नाही!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी त्याच्यावर ओरडले. जांघेतला हर्निया, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि हा पठ्ठ्या आमच्या यल्लव्वा आयाची भरलेली घागर उचलून वॉर्डात चाललेला!

"अहो, ठेवा ती खाली! आतडं बाहेर काढायचंय का?"

"त्यांची कंबर दुखतेय, अक्का..."

"मी तुमची अक्का नाही. उद्या तुम्हाला भूल देणारी डॉक्टर आहे."

"मग गुंगी आजपासूनच का येतेय?"

मला राग आला. मग हसू आलं, आणि त्याचा आणखीच राग आला.

नाव पद्माकर. बेळगावचा, इथं यशवंतपूरला एका कारखान्यात इंजिनिअर. छाती दम्याची. ईथर हुंगवलं असतं तर खोकून खोकून टाके तुटले असते. म्हणून मी म्हणत होते, कमरेत सुई देऊ, फक्त खालचं अंग बधिर करू. पण ते एकसष्ट साल. त्यात मी नवी, त्यात बाई. "डोकेदुखीची एक तक्रार आली की तुझी सुई बंद," सर्जनसाहेबांनी बजावलं होतं.

ऑपरेशन झकास झालं. पडद्याअलीकडे तो टक्क जागा होता.

"डॉक्टर, पाय जागेवर आहेत ना?"

"आहेत. पण पळता येणार नाही."

"पळायचंय कुणाला..."

वॉर्डात नेल्यावर मी बजावलं, "उद्यापर्यंत उताणं पडायचं. उशी नाही, मान वर नाही. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपलं, तर डोकं असं ठणकेल की आई आठवेल."

"सरी," तो शहाण्यासारखा कानडीत 'बरं' म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून कण्हत पडलेला! यल्लव्वानं सांगितलं, काल संध्याकाळी माझे अण्णा बसवनगुडीच्या घरून माझा डबा घेऊन वॉर्डात आले होते. डॉक्टरीणबाईंचे वडील म्हटल्यावर हे महाशय उठून बसले. वर वाकून नमस्कार!

मी तरातरा त्याच्या खाटेशी गेले. "लाज वाटते का? माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत! आता साहेबांना काय सांगू?"

"मी सांगितलं सकाळीच. सुई उत्तम होती, उठलो मी."

"मग?"

"का उठलास, म्हणाले."

"मग?"

"म्हटलं... होणारे सासरे आले होते. आडवा कसा राहू?"

शेजारच्या खाटा खदखदल्या. यल्लव्वानं तोंडाला पदर लावला. माझे कान तापले.

"साहेब हसले," तो हळूच म्हणाला. "म्हणाले, सुई चालू राहू दे, पेशंटला बांधून ठेवा."

"आणि मला विचारायचं कुणी? साहेबांना माहीत, वॉर्डाला माहीत, फक्त मलाच नाही!"

"तुमच्याशी बोलायचं म्हटलं की तुम्ही ओरडता..." त्याचे डोळे दुखण्यानं पाणावले होते, तरी हसत होते. "विचारू?"

मी उत्तर देणार, तोच दारात अण्णा. हातात डबा. पद्माकरनं लगेच कोपर टेकलं, उठायला!

मी दोन्ही हातांनी त्याचे खांदे गादीवर दाबले.

"अण्णा, ह्यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय. पण हे उठणार नाहीत. पडूनच विचारतील."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग स्टूल ओढून ते बसले.

"सरी. विचारा."

माझा राग अजून गेला नव्हता. पण हात मी काढले नाहीत.