एक्केचाळीस नंबरची जोडी

खोटं वाटत असेल तर म्हसवडला या. मल्हार, माझा मावसभाऊ, समोर बसून सगळं सांगेल. सांगताना तुमच्याकडे बघणार मात्र नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. भर दुपारी अडीचला घडलंय हे.

गावात इंटरनेटची पार रड होती. संध्याकाळ झाली की सगळं ठप्प! म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमधलं जुनाट मशीन काढून नवं बसवत होते. मल्हार तिथला लाइनमन.

साहेब म्हणाले, "नव्यात जागा फक्त इंटरनेटवाल्यांना. नुसत्या फोनच्या जोड्या तोडा."

त्यात एक्केचाळीस नंबरची तारांची जोडी होती...

हरणाकाकीची.

डोंगरामागं एकटी राहते. मोबाइलला रेंज नाही. पुण्याहून लेकीचा, सोनियाचा, रोज फोन येतो, तेवढाच आधार. नवरा आकारामतात्या जुना लाइनमन, मल्हारचा गुरू. मरताना त्यानं मल्हारचा हात धरला होता.

"माज्या घरची तार तोडू नगंस, गड्या."

"न्हाई तोडत, तात्या. शब्द हाय माजा."

तात्याचा एक नेम होता. तोडण्याआधी त्या तारेला टेस्ट-फोन लावून त्या घराला सांगायचं. मल्हारनं बाकी सगळ्या घरांना सांगितलं. काकीला सांगायला त्याला तोंडच नव्हतं.

गुपचूप पक्कड दाबली.

जुनं मशीन उचलून व्हरांड्यात ठेवलं. ना वीज, ना वायर.

तरी त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता...

मल्हारनं रांग मोजली. एक्केचाळिसावा.

त्यानं गाडीला किक मारली आणि थेट काकीची वस्ती गाठली.

काकी दारात बसून फोनवर बोलत होती! चुकून दुसऱ्याची तार तोडली वाटतं... मल्हारचा जीव भांड्यात पडला.

"सोनियाचा फोन व्हय, काकी?"

"न्हाई रं. ह्यांचा हाय."

मल्हार पायरीवरच थांबला.

"म्हनत्यात, मल्हारनं तार तोडली. आता पोरीचा फोन यायचा न्हाई, म्हून मीच केला." काकीनं वर बघितलं. "खरं हाय व्हय रं? आपला मानूस समजत हुते तुला."

त्यानं रिसीव्हर घेतला.

"तात्या... चुकलं माजं..."

पलीकडं श्वास ऐकू येत होता...

मग कुणीतरी हळूच फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी साहेबांशी भांडून मल्हारनं काकीची तार जोडली. सोनियाचा फोन रोज येतो.

पण आजही मल्हारनं कुठंही टेस्ट-फोन लावला, की आधी तो श्वास येतो... मग फोन ठेवल्याचा आवाज.

"एकदा शिवी तरी घाला, तात्या," असं तो खांबावर बसून म्हणत असतो. मी स्वतः ऐकलंय.